प्रवासीबाई वेळेवर पोचल्या

सोमवार, ता. ४

चौतीस वर्षं बसस्थानकावर कंट्रोलर होतो. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली, उशीर झाला तर का झाला, हे रोज वहीत लिहायचं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी लिहिल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून ही वही. आजपासून लेकीच्या घरी माझी नवी ड्युटी सुरू.

ड्युटी म्हणजे नात. वय चार महिने. नाव अजून ठरलेलं नाही, कारण ते तिच्या आईने ठरवायचं होतं आणि आई दवाखान्यात. तोवर मी तिला प्रवासीबाई म्हणणार.

ठकी, म्हणजे माझी लेक, बाळंतपणानंतर बोलेनाशी झाली. खाईना, झोपेना, पोरीकडे बघेना. मग तो गच्चीचा प्रकार झाला. पहाटे ती गच्चीच्या कठड्यापाशी उभी होती म्हणे, शेजारणीने हाताला धरून खाली आणलं. मला विचाराल तर हवा खायला गेली असेल. दोन खोल्यांत दिवसभर कोंडलं की कुणालाही गुदमरायला होतं. पण डॉक्टरांनी ठेवून घेतलं. त्याला तीन आठवडे झाले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, रोज चार ते पाच बाळाला भेटीला आणा, आईने तिला आपणहून घ्यायला हवं. जावईबापूंची पाळी दोन ते दहा. लिफ्टदुरुस्तीचं काम, होती नव्हती ती रजा संपली. महिनाअखेरपर्यंत ठकीने पोरीला जवळ केलं नाही तर जावयांची बहीण येऊन तिला घेऊन जाणार, दोन दिवसांच्या वाटेवर. बाई भली आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तिकडे रुळलेलं पोर परत कधी येणार? आणि मागे माझ्या ठकीचं काय?

ठकीची आई हयात असती तर माझ्यावर ही वेळ आली नसती. ठकी तान्ही असताना मी कायम स्थानकावर. तिला मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही. वहीत खोटं कशाला लिहू?

मंगळवार, ता. ५

पुरता फज्जा.

बस उलट्या दिशेची धरली. कंट्रोलर म्हणवतो आणि पाटी वाचता येत नाही! तर म्हणे या शहरात एकाच नंबरच्या बसेस दोन्हीकडे जातात आणि थांबे समोरासमोर. बाबागाडी मिटता मिटेना. मागे रांग लागली, लोक घड्याळं बघायला लागले. शेवटी एका बाईने पायाने एक खटका दाबला आणि ती पटकन मिटली. पुढे रस्ता ओलांडायला भुयारी वाट, बासष्ट पायऱ्या. लिफ्टवर पाटी, ‘बंद आहे’. आणि माझा जावई लिफ्टवाला! एका हातात पोर, दुसऱ्यात गाडी, गळ्यात पिशवी, असा उतरलो आणि तसाच चढलो. तेवढ्यात प्रवासीबाईंनी माझ्या शर्टाची वाट लावली.

पोचलो चार चाळीसला. पोर टाहो फोडत होती. मनोविकारांची इमारत मागच्या अंगाला आहे, लांबच लांब व्हरांडा, सगळे वळून बघत होते. खोलीत शिरलो तर ठकी ताडकन उठून बसली. पाय पलंगाखाली सोडले, हात पुढे केले. कावरीबावरी झाली होती बिचारी. मी म्हटलं, हिला आणखी त्रास नको. चटकन बाटली काढून पोरीच्या तोंडात दिली आणि म्हटलं, “तू पड ठके, मी बघतो.” ती पडली. पुन्हा भिंतीकडे तोंड.

रडकं पोर आजारी माणसापुढे नेणं हा शुद्ध गाढवपणा. पुन्हा होणार नाही.

गुरुवार, ता. ७

काल सकाळी पोरीला शेजारणीकडे ठेवून सगळा रस्ता एकटा चालून आलो. कुठल्या थांब्यावर सावली, कुठल्या फुटपाथला उतार, कुठला सिग्नल किती सेकंदांचा, सगळं टिपलं. भुयारी वाट टाळून पुढच्या चौकातून पलीकडे जाता येतं, सात मिनिटं जास्त लागतात. मग वेळापत्रक बसवलं. दोन पन्नासला आंघोळ, तीन दहाला दूध, तीन पंचवीसला लंगोट, तीन तीसची बस. पोट भरलेलं आणि बस हलती, म्हणजे पोर दुसऱ्या थांब्याआत गाढ. चारच्या ठोक्याला दवाखान्याच्या दारात, स्वच्छ, कोरडी, झोपलेली.

आज करून पाहिलं. तीन अठ्ठावन्नला दारात. प्रवासीबाई वेळेवर पोचल्या!

रविवार, ता. १०

सलग चौथा दिवस वेळेवर. आज ठकीने पोरीकडे दोनदा पाहिलं. मी मोजलं. मग खिडकीकडे बघत बसली. मी तिला रस्त्यातल्या गमती सांगितल्या.

जाताना सिस्टरने अडवलं. पोरगी जेमतेम पंचविशीची, बोलायला फटकळ. “आजोबा, बाळाला जरा जागं आणा की कधी.”

“जागी असली की रडते,” मी म्हटलं.

“रडू दे की मग.”

हिला स्वतःचं पोर असतं म्हणजे कळलं असतं. मी “बरं बरं” म्हणून निघालो.

बुधवार, ता. १३

आता मी या शहरात सराईत झालो. बाबागाडी पायाने मिटतो. पुरुषांच्या स्वच्छतागृहात लंगोट बदलायला फळी नसते, ती फक्त बायकांच्या बाजूला. बापाच्या किंवा आजोबाच्या हातात पोर असू शकतं हे बांधणाऱ्याच्या डोक्यातच आलं नसावं. मी एक चपलांचं दुकान शोधलंय. मालकीणबाई माल ठेवायच्या टेबलावर जागा करून देतात आणि वर माझ्या चपलांकडे बघून नाक मुरडतात. बसमधल्या नेहमीच्या बायकांनी मला ‘आजोबा एक्स्प्रेस’ नाव ठेवलंय. एक विचारते, आज लेट का हो? मी म्हणतो, लेट तुमचं घड्याळ असेल.

खरं लिहितो. मला हे सगळं आवडायला लागलंय. सकाळी पोर माझा आवाज ऐकून मान वळवते, बोळकं उघडून हसते. जावई पाळी संपवून येतात तोवर ती झोपलेली आणि सकाळी ते झोपलेले. म्हणजे दिवसभर आम्ही दोघंच. लेक तिकडे पडून आहे आणि मी इकडे सुखात आहे, ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. वाटतेही. पण आवडतं.

शनिवार, ता. १६

ठकी बोलली!

पोर गाडीत झोपलेली. ठकी बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “छान झोपते ना.”

मी इतका दचकलो की पिशवी खाली पडली. म्हटलं, “अगदी शहाणी आहे. काडीचा त्रास नाही.”

“रडत नाही?”

“नावाला नाही.”

“माझी आठवण…” एवढं बोलून थांबली. मी म्हटलं, “छे गं, मजेत असते. तू कसलीच काळजी करू नकोस. खा, पी, बरी हो. इकडचं सगळं सुरळीत चाललंय.”

तिने मान हलवली. “दिसतंच आहे, बाबा.”

लेकीच्या तोंडून शाबासकी. जन्मात पहिल्यांदा. परत येताना बसमध्ये डोळ्यांतून पाणी येत होतं, बायका बघत होत्या, बघोत बापड्या.

सोमवार, ता. १८

आज तर कमालच. ठकीने केस विंचरले होते. चेहरा शांत. इतक्या दिवसांत असा शांत चेहरा पाहिला नव्हता. मी गेल्या गेल्या स्वतःहून माझा हात धरला.

म्हणाली, “बाबा, तिला तुम्ही आहात ना. मला आता तिची भीती नाही वाटत.”

मी म्हटलं, “शाब्बास! हेच तर हवं होतं.”

“तुम्ही कायम सांभाळाल तिला? तिच्या आत्याकडे नाही पाठवणार?”

“कुणाची टाप आहे न्यायची?”

“वचन द्या.”

दिलं. तिने माझा हात दोन्ही हातांत घट्ट दाबला आणि पोरीच्या तळपायाला बोट लावलं, हळूच, तिला जाग येणार नाही असं. मग म्हणाली, “थँक्यू, बाबा. तुम्ही फार दमलात.”

रस्त्यावरूनच जावयांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी ठकीचे शब्द मला पुन्हा एकदा जसेच्या तसे सांगायला लावले. मग म्हणाले, “मी सिस्टरशी बोलतो.” आनंदाची बातमी सांगावी तर यांचं हे असं. रोज लिफ्टच्या पोकळीत डोकं घालून माणूस रूक्ष होतो.

मंगळवार, ता. १९

जावयांनी फोन केला म्हणून सिस्टरने ठकीची खाट तपासली. उशीच्या अभ्र्यात गोळ्या सापडल्या. ती गिळत नव्हती, साठवत होती.

डॉक्टरीणबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मी आधी म्हटलं, विसरली असेल. विसराळू आहे, लहानपणी छत्र्या हरवायची. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला.

मग म्हणाल्या, “आजोबा, ती काल तुमचा निरोप घेत होती.”

मी म्हटलं, नाही हो, ती खुशीत होती.

“हो. कारण तिची खात्री पटली होती. या आजारात आईला वाटतं, आपल्यावाचून बाळाचं काही अडत नाही, उलट आपण नसलेलंच बरं. तुम्ही दोन आठवडे रोज पोट भरलेलं, झोपलेलं बाळ आणलंत. ती मला काय म्हणाली सांगू? म्हणाली, बाबांनी माझी जागा भरून काढली.”

मी वेळापत्रक सांगायला लागलो. तीन दहाला दूध, तीन तीसची बस. बाई म्हणाल्या, “तुमची चूक नाही. मीच विचारायला हवं होतं, रोज झोपलेली कशी असते म्हणून. पण पहिल्या दिवशी बाळ रडत आलं, तेव्हा ती उठून बसली होती. सिस्टरने लिहून ठेवलंय.”

हात पुढे केले होते तिने. मी पाहिले होते. याच वहीत लिहिलंय. आणि मी म्हटलं, तू पड, मी बघतो.

बुधवार, ता. २०

आज भेट नव्हती. बसलो होतो. पोर हसत होती माझ्याकडे बघून. मला बघवेना.

ठकी गच्चीवर हवा खायला गेली नव्हती. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

गुरुवार, ता. २१

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. बाटली भरून घ्या, पण वाटेत देऊ नका, तासाभराने काही बिघडत नाही. सिस्टर दारात उभी राहील, तुम्ही मध्ये पडू नका.

तीन दहाला दूध दिलं नाही. बसमध्ये बसेपर्यंत पोर कुरकुरत होती, दुसऱ्या थांब्याला भोकाड पसरलं. नेहमीच्या बायका म्हणाल्या, “अहो एक्स्प्रेस, आज काय झालं? भूक लागली असेल.”

“हो,” मी म्हटलं.

“मग द्या ना बाटली. ही काय, पिशवीत दिसतेय.”

“नाही देत.”

मग एकच गिल्ला. एकीने पिशवीला हात घातला, मी ती पाठीशी धरली. एक माणूस उभा राहून म्हणाला, “आजोबा आहात की कोण? माणूस आहात का तुम्ही?” मी खाली बघत राहिलो. पोर माझ्या गळ्याशी तोंड घासत होती, शर्ट चोखत होती. माझ्याकडेच मागत होती ती. दोनदा बाटलीचं झाकण उघडलं आणि दोनदा लावलं. चौतीस वर्षांत हजारो गाड्या सोडल्या, इतका लांब प्रवास मी पाहिला नाही.

खोलीत ठकी भिंतीकडे तोंड करून पडलेली. गोळ्या सापडल्यापासून कुणाशी बोललेली नाही. मी पोरीला तिच्या पायाशी ठेवलं, बाटली शेजारी ठेवली आणि मागे दारापाशी जाऊन उभा राहिलो.

“बाबा, घ्या तिला,” ती भिंतीलाच म्हणाली.

“मला जमत नाही.”

“रोज तर घेता.”

“रोज झोपवून आणायचो, म्हणून जमायचं. तुला फसवलं मी. ही रडते, ठके. सकाळी रडते, संध्याकाळी रडते. मला काही समजत नाही.”

पोर लालबुंद झाली होती, श्वास अडकत होता. ठकी कानांवर हात ठेवून ओरडली, “बाबा, घ्या!”

मी हललो नाही. सिस्टरने माझं मनगट धरलं होतं.

तशी ती उठली. विस्कटलेली, डोळ्यांत नुसता जाळ. “खांबासारखे उभे काय आहात! भूक लागलीये तिला! एवढंही कळत नाही? तुम्हाला कधीच कळलं नाही! मी रडायचे तेव्हाही तुम्ही असेच निघून जायचात!”

आणि पोरीला उचललं. मान नीट धरली नव्हती, मग धरली. बाटली तोंडाशी नेली. पोर पिईना. मान वळवून मला शोधत होती. मला पाहिल्यावर तर जास्तच. ठकीने ते पाहिलं. तिचा चेहरा मी कसा लिहू?

सिस्टरने मला ओढून बाहेर काढलं आणि दार लावलं. व्हरांड्यात उभा होतो. पोर अकरा मिनिटं रडली. प्रत्येक मिनिटाला वाटलं, आत जावं. बाराव्या मिनिटाला आवाज थांबला. सिस्टर आत डोकावून आली.

“पितेय,” म्हणाली. “दोघीही रडतायत. पण पितेय.”

शनिवार, ता. २३

आता दारातूनच पोरीला आत देतो. मी समोर असलो की ती आईकडून बाटली घेत नाही, म्हणून मी व्हरांड्याच्या टोकाला बसायचं. सिस्टर म्हणते, ठकी काल एकदा “मला नाही होत” म्हणून पोरीला खाली ठेवून भिंतीशी गेली. दहा मिनिटांनी परत आली. आज तसं दोनदा झालं. गोळ्या आता सिस्टरच्या समोर घेते.

बसमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही. चपलांच्या दुकानात गेलो तर मालकीणबाईंनी टेबल मोकळं केलं, पण नाक मुरडलं नाही. बसमधलं त्यांनाही कळलेलं दिसतं.

बुधवार, ता. २७

डॉक्टरीणबाईंनी ठरवलं. ठकी आणि पोर, दोघींना पुढच्या इमारतीत आई-बाळाच्या खोलीत एकत्र ठेवायचं, सहा आठवडे. जास्तही लागतील. सिस्टर चोवीस तास जवळ असेल. जावयांच्या बहिणीला येऊ नका म्हणून कळवलं. जावईबापू फोनवर घळाघळा रडले. रूक्ष म्हटलं होतं मी त्यांना.

दुपारी पोरीचे कपडे घेऊन गेलो. ठकी दारापर्यंत आली. पोर तिच्या खांद्यावर झोपलेली. ठकी फार वाळली आहे, गाऊन नुसता अडकवल्यासारखा दिसतो.

“बाबा, एक सांगू? रागावू नका.”

“बोल.”

“तुम्ही आता गावी जा. बाहेर तुमचा नुसता आवाज आला तरी ती माझ्याकडे बघत नाही. कालही तसंच झालं. मग मला परत… तसलं काहीतरी वाटायला लागतं.”

“बरं. परत कधी येऊ?”

“मी बोलवीन.”

“किती दिवसांनी, काही अंदाज?”

“नाही माहीत, बाबा. मला उद्याचंच माहीत नसतं.”

मी म्हटलं, “बरं.” तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण पोर जागी झाली असती. पिशवी सिस्टरकडे दिली. दार लागलं. काचेतून ठकीची पाठ दिसत होती. ती मागे वळली नाही, आणि तेच बरं झालं.

घरी येऊन एक कागद लिहिला. उजव्या खांद्यावर घेतलं की ढेकर लवकर येते. पाणी जरा जास्त कोमट लागतं. डाव्या कानाला हात लावलेला आवडत नाही. झोप येत असली की आधी हसते आणि मग रडते, तेव्हा फसायचं नाही. बावीस गोष्टी झाल्या. पाकिटात घालून परत दवाखान्यात गेलो आणि सिस्टरच्या टेबलावर ठेवलं. फाटकापर्यंत आलो, मागे फिरलो आणि पाकीट उचललं.

हे सगळं मी सांगितलं तर पोर पुन्हा माझीच राहील. ठकीचं ठकीला सापडू दे.

उद्या सकाळी सातची गाडी आहे. पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलंय. वाटेत वाचीन.